जुने संगणकीय खेळ मोफत कसे झाले

मुंबईहून न्यूयॉर्कला थेट जाणारे विमान साधारण पंधरा-सोळा तास हवेत असते. या काळात बहुतेक प्रवाशांचा लॅपटॉप इंटरनेटपासून तुटलेला असतो आणि जोडला गेलाच तर ती जोडणी बहुधा मंद किंवा महाग असते. आजचे बरेचसे व्यापारी संगणकीय खेळ अशा परिस्थितीत अडून बसतात, कारण खेळणाऱ्याकडे परवाना आहे की नाही याची खातरजमा ते कंपनीच्या सर्व्हरकडून करून घेतात आणि अनेकदा खेळाचा काही भागही त्या सर्व्हरवरच चालतो. १९७५ ते २००० या पंचवीस वर्षांत निर्माण झालेल्या खेळांची घडण याच्या नेमकी उलट होती. ते एका किंवा काही फ्लॉपींवर, पुढे एखाद्या सीडीवर, संपूर्ण मावत, सुरू होताना दूरच्या कोणत्याही यंत्राला काही विचारत नसत आणि त्या काळच्या दुबळ्या संगणकांसाठी लिहिलेले असल्यामुळे आजच्या लॅपटॉपच्या बॅटरीवर त्यांचा फारसा भार पडत नाही. त्यांपैकी पुष्कळ खेळ आज कायदेशीरपणे, एक पैसाही न देता मिळतात. खेळ जुना झाला की तो आपोआप सर्वांचा होतो, अशी एक समजूत त्यामुळे रूढ झाली आहे. ही समजूत चुकीची आहे. कोणताही संगणकीय खेळ केवळ वयाने मोफत झालेला नाही. तो मोफत असेल तर त्यामागे त्याच्या कर्त्याने किंवा मालकाने केव्हातरी घेतलेला निर्णय असतो, आणि असा निर्णय कुणी, कोणत्या कारणाने आणि किती मोकळ्या मनाने घेतला यावरच आजच्या प्रवाशाच्या हाती काय पडते हे ठरलेले आहे.

आरंभीच्या खेळांच्या बाबतीत हा प्रश्न उद्भवलाच नाही, कारण ते विकण्याची कल्पनाच कुणाच्या मनात नव्हती. १९६२ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत स्टीव्ह रसेल आणि त्याच्या सोबत्यांनी पीडीपी-१ या यंत्रावर 'स्पेसवॉर' हा दोन अवकाशयानांच्या लढाईचा खेळ रचला आणि तो ज्या ज्या प्रयोगशाळेत ते यंत्र होते तिथे तिथे नकलून नेला गेला. यंत्र बनवणाऱ्या कंपनीने तर यंत्र ठीक चालते की नाही हे तपासण्यासाठीच तो वापरला. अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात संगणकाच्या आज्ञावलीला, म्हणजे प्रोग्रॅमला, स्पष्ट स्थान मिळाले ते १९८० च्या दुरुस्तीने, आणि भारतात १९८४ च्या दुरुस्तीने तिची गणना साहित्यकृतीत झाली. तोवर आज्ञावली ही मुख्यतः यंत्राबरोबर येणारी आणि एकाने दुसऱ्याला द्यायची वस्तू होती.

या काळातला सर्वांत बोलका दाखला 'कोलॉसल केव्ह ॲडव्हेंचर' या खेळाचा आहे. विल क्राउथर हा आर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वसुरी जाळ्याच्या उभारणीत काम करणारा अभियंता गुहांच्या शोधाचा नाद असलेला होता. केंटकी राज्यातील मॅमथ केव्ह या विस्तीर्ण गुहासमूहाच्या एका भागाचे त्याला तपशीलवार ज्ञान होते आणि १९७५-७६ च्या सुमारास त्याने आपल्या मुलींसाठी त्या गुहेवर आधारलेला एक खेळ फोरट्रान या संगणकीय भाषेत लिहिला. त्यात चित्र एकही नव्हते. पडद्यावर जागेचे वर्णन उमटे, खेळणारा एक-दोन शब्दांत आज्ञा लिही आणि खेळ त्याला पुढचे वर्णन देई. स्टॅनफर्डमधील डॉन वुड्स याला त्याची प्रत सापडली तेव्हा तीत भर घालण्याची त्याची इच्छा होती, पण कर्ता कोण आणि कुठे आहे हे त्याला ठाऊक नव्हते, म्हणून त्याने जाळ्यावरच्या एकूण एक संगणकाकडे 'क्राउथर' या नावाने पत्र पाठवले आणि कर्त्याचा होकार मिळाल्यावर १९७७ मध्ये खेळ वाढवून पुढे सोडला. कायदा परवानगी मागायला लावत नव्हता त्या काळात ही परवानगी मागितली गेली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. चाळीस वर्षांनी, २०१७ मध्ये, एरिक रेमंड याने दोघांच्या संमतीने त्याची एक आवृत्ती मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध केली, त्यामुळे या खेळाच्या मोफतपणाबद्दल आज कोणतीही शंका उरलेली नाही.

लांबच्या प्रवासाच्या दृष्टीने याहूनही मोलाची परंपरा 'रोग' या खेळापासून सुरू होते. कॅलिफोर्निया विद्यापीठातील मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या विद्यार्थ्यांनी १९८० च्या सुमारास तो रचला आणि पुढे बर्कलीतील केन अर्नोल्ड त्यांना येऊन मिळाला. त्यात भिंती, दारे, राक्षस आणि शस्त्रे ही सारी टंकलेखनाच्या चिन्हांनी दाखवलेली असत आणि नायक म्हणजे ई-मेलच्या पत्त्यातले ॲटचे चिन्ह. साहसाच्या खेळातली कोडी एकदा सुटली की कर्त्यालाही त्यांत रस उरत नाही, ही अडचण ओळखून त्यांनी तळघराचा नकाशा प्रत्येक डावाच्या वेळी यंत्राकडूनच नव्याने मांडून घेतला, आणि नायक मेला की डाव संपला, मागच्या जागी परतण्याची सोय नाही, असा कडक नियम ठेवला. बर्कलीच्या युनिक्स प्रणालीच्या वितरणाबरोबर हा खेळ विद्यापीठाविद्यापीठांतून पोचला. पुढे त्याची व्यापारी आवृत्ती निघाली ती फारशी खपली नाही; परंतु विद्यार्थ्यांनी त्याच्यावरून स्फूर्ती घेऊन लिहिलेला 'हॅक', आणि 'हॅक'वरून जाळ्यावर विखुरलेल्या अनेकांनी मिळून १९८७ पासून घडवत नेलेला 'नेटहॅक', हे मात्र टिकले. 'नेटहॅक'चा परवानाच असा आहे की कुणीही तो घ्यावा, बदलावा आणि पुढे द्यावा, फक्त पुढच्या माणसाला तोच हक्क नाकारू नये. त्याच्या नव्या आवृत्त्या एकविसाव्या शतकातही निघत राहिल्या आहेत. हा खेळ पाळीपाळीने चालतो, म्हणजे खेळणाऱ्याने कळ दाबेपर्यंत राक्षस जागचा हलत नाही. जेवणाचा ट्रे आला, शेजारच्याला उठायचे झाले, डोळा लागला, तरी काही बिघडत नाही. आवाजाची गरज नाही, माऊसची गरज नाही आणि एकेक डाव दिवसच्या दिवस चालू शकतो. विमानातल्या आसनासाठी म्हणून कुणी खेळ रचायला बसले असते तरी याहून सोयीचा खेळ क्वचितच घडला असता.

सोव्हिएत रशियात घडलेली गोष्ट या परंपरेपेक्षा निराळ्या दिशेने गेली. मॉस्कोच्या विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सी पाजित्नोव याने १९८४ मध्ये इलेक्ट्रॉनिका-६० या यंत्रावर 'टेट्रिस' रचला, त्याची आयबीएम संगणकावरची आवृत्ती फ्लॉपीवरून फ्लॉपीवर नकलत देशभर पसरली, पण जगभराचे हक्क सरकारी निर्यात संस्थेकडे गेले आणि त्यांवरून पाश्चात्त्य कंपन्यांत मोठे वाद झाले. जन्मतः मोफत फिरलेला हा खेळ आज कसोशीने जपलेल्या व्यापारी मालकीचा आहे. मोफत फिरणे आणि मोफत असणे यांतला फरक 'टेट्रिस'इतका स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसतो.

व्यापार आणि मोफत वाटप यांची सांगड घालणारी पद्धत अमेरिकेत १९८२-८३ च्या सुमारास जन्मली आणि तिला 'शेअरवेअर' हे नाव पडले. तिच्यात आज्ञावलीची प्रत कुणीही घ्यावी, वापरून पाहावी, मित्रांना द्यावी आणि उपयोगी वाटली तर कर्त्याला टपालाने पैसे पाठवावेत, अशी अपेक्षा असे. अँड्र्यू फ्लूगलमन, जिम नॉफ आणि बॉब वॉलेस हे तिचे आद्य प्रवर्तक कार्यालयीन कामाच्या आज्ञावल्या लिहिणारे होते. खेळांच्या बाबतीत मात्र ही पद्धत चालत नसे, कारण पूर्ण खेळ खेळून झालेल्या माणसाला मागाहून पैसे पाठवण्याचे कारणच उरत नसे. टेक्ससमधील स्कॉट मिलर याने १९८७ मध्ये यावर तोड काढली: खेळाचे भाग पाडायचे, पहिला भाग संपूर्ण आणि कायमचा मोफत सोडायचा आणि पुढचे भाग पैसे पाठवणाऱ्यालाच द्यायचे. 'किंग्डम ऑफ क्रॉझ'पासून त्याच्या ॲपोजी या कंपनीने ही रीत रूढ केली आणि पुढच्या दशकातील अनेक नामवंत खेळ याच रीतीने जगासमोर आले.

या रीतीचा कळस ज्यांनी गाठला ती माणसे लुइझियाना राज्यातील श्रीव्हपोर्ट या गावी सॉफ्टडिस्क नावाच्या कंपनीत नोकरीला होती. ही कंपनी दरमहा फ्लॉपीवर नियतकालिक काढी आणि त्यात खेळ देई. तिथल्या जॉन रोमेरो याने 'डेंजरस डेव्ह' हा खेळ १९८८ मध्ये ॲपल-२ या संगणकासाठी रचला होता आणि त्याची डॉस प्रणालीवरची आवृत्ती १९९० मध्ये निघाली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात जॉन कारमॅक याने साध्या पीसीवर पडदा सफाईने सरकवण्याची युक्ती साधली आणि टॉम हॉलच्या साथीने निन्तेन्दोच्या 'सुपर मारिओ ब्रदर्स ३'चा पहिला टप्पा रातोरात पीसीवर उतरवून त्यात नायकाच्या जागी डेव्हला उभे केले. त्या नमुन्याला त्यांनी 'कॉपीराइटभंग' असेच नाव दिले होते. निन्तेन्दोने त्यात रस दाखवला नाही, तेव्हा तीच युक्ती वापरून त्यांनी डिसेंबर १९९० मध्ये ॲपोजीमार्फत 'कमांडर कीन' प्रसिद्ध केला, फेब्रुवारी १९९१ मध्ये इड सॉफ्टवेअर ही स्वतःची कंपनी काढली, मे १९९२ मध्ये 'वुल्फेनस्टाइन ३डी' आणला आणि १० डिसेंबर १९९३ रोजी 'डूम'चा पहिला भाग विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या सर्व्हरवर चढवला. नऊ टप्प्यांचा तो भाग मोफत वाटण्याची मुभा आजही आहे आणि त्याची मुख्य माहिती-फाइल सुमारे चार मेगाबाइटची आहे.

महाराष्ट्रातील वाचकांना यांतला डेव्ह परका नाही. १९९० च्या दशकात इथल्या शाळा-महाविद्यालयांच्या संगणक-कक्षांत आणि शहरोशहरी निघालेल्या कॉम्प्युटर क्लासेसमध्ये बेसिक, वर्डस्टार आणि डॉसच्या आज्ञा शिकून झाल्या की उरलेल्या वेळात 'डेव्ह' आणि 'प्रिन्स' हेच दोन खेळ असत, आणि ते कुणा सिनियरच्या फ्लॉपीतून तिथे पोचलेले असत. 'प्रिन्स' म्हणजे जॉर्डन मेक्नरने १९८९ मध्ये ब्रोडरबंड कंपनीमार्फत प्रसिद्ध केलेला 'प्रिन्स ऑफ पर्शिया'. त्यातल्या नायकाची धाव आणि उडी इतकी खरी वाटते, कारण मेक्नरने स्वतःच्या धाकट्या भावाला धावायला-उडायला लावून त्याचे चित्रीकरण केले आणि त्यावरून एकेक चित्र गिरवले. 'प्रिन्स' मोफत नव्हता आणि इथे फिरणाऱ्या प्रतींना परवाना नव्हता. पण या वागणुकीकडे केवळ चोरी म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. शेअरवेअरच्या रीतीचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे परदेशी कर्त्याला डॉलरमध्ये पैसे पाठवणे, हा १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याच्या अमलाखाली राहणाऱ्या सामान्य भारतीयाला जवळजवळ अशक्य होता. तो कायदा जाऊन त्याच्या जागी सौम्य कायदा लागू झाला तो १ जून २००० रोजी, आणि सर्वसामान्यांसाठीची इंटरनेट सेवाही विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह मोजक्याच शहरांत सुरू केली होती. परिणामी या देशातली एक संपूर्ण पिढी 'कीन' आणि 'डूम' यांचे पहिले भागच पुन्हा पुन्हा खेळत वाढली, आणि पैसे देऊन पुढचे भाग घेण्याची सवय व संधी या दोन्हींना ती मुकली.

'डूम'चा पुढचा इतिहास शेअरवेअरपेक्षाही महत्त्वाचा आहे. कारमॅकने या खेळाचे इंजिन, म्हणजे हालचाल, प्रकाश आणि टक्कर यांचा हिशेब करणारी आज्ञावली, आणि नकाशे, चित्रे व आवाज यांची माहिती-फाइल ही एकमेकांपासून वेगळी ठेवली होती. ग्रामोफोन एक आणि तबकड्या अनेक, असा हा प्रकार होता. २३ डिसेंबर १९९७ रोजी त्याने इंजिनाचा सोर्स कोड, म्हणजे माणसाला वाचता-बदलता येईल असा आज्ञावलीचा मूळ मजकूर, सर्वांसाठी खुला केला आणि १९९९ मध्ये त्याला जीपीएल हा परवाना लावला. रिचर्ड स्टॉलमन यांनी घडवलेल्या या परवान्याची अट अशी की हा मजकूर कुणीही वापरावा, पण त्यातून घडवलेली नवी आज्ञावली वाटताना तिचा मूळ मजकूरही तितक्याच मोकळेपणाने द्यावा. चित्रे आणि नकाशे मात्र कंपनीच्याच मालकीचे राहिले. ही उणीव भरून काढण्यासाठी स्वयंसेवकांनी 'फ्रीडूम' हा प्रकल्प हाती घेतला आणि प्रत्येक भिंत, प्रत्येक राक्षस, प्रत्येक आवाज नव्याने रचून मुक्त परवान्याखाली दिला. आपल्या ऐन उमेदीच्या व्यवसायाचे मर्म काही वर्षांतच जगासमोर ठेवण्याचा निर्णय कारमॅकने 'क्वेक' मालिकेच्या बाबतीतही पाळला, आणि संगणकीय खेळांच्या इतिहासात औदार्याची याहून मोठी उदाहरणे फार थोडी आहेत.

परंतु परवानगी असली तरी यंत्र नसेल तर खेळ चालत नाही. डॉससाठी लिहिलेले खेळ संगणकाच्या ध्वनिकार्डाशी आणि स्मृतीशी थेट बोलत, आणि २००१ मध्ये विंडोज एक्सपी घरोघर पोचल्यावर ही थेट वाट बंद झाली. यावरचा उपाय दोन स्वतंत्र वाटांनी आला. नेदरलँड्समधील दोन तरुणांनी २००२ मध्ये 'डॉसबॉक्स' प्रसिद्ध केला. तो एम्युलेटर आहे, म्हणजे जुन्या संगणकाच्या प्रत्येक भागाचे सोंग नव्या संगणकात आणून खेळाला आपण १९९३ मध्येच आहोत असे भासवणारी आज्ञावली. दुसरी वाट अधिक सूक्ष्म होती आणि तिचे मूळ १९७९ पर्यंत मागे जाते. 'झॉर्क' या शब्दखेळाची निर्माती इन्फोकॉम कंपनी स्थापन झाली तेव्हा बाजारात एकमेकांशी न जुळणारे अनेक घरगुती संगणक होते, म्हणून तिने खेळ कोणत्याच खऱ्या संगणकासाठी न लिहिता झेड-मशीन नावाच्या एका काल्पनिक यंत्रासाठी लिहिले आणि प्रत्येक खऱ्या संगणकासाठी त्या काल्पनिक यंत्राचा दुभाषा तेवढा वेगळा केला. ल्युकासफिल्म कंपनीने १९८७ मध्ये 'मॅनिअक मॅन्शन'साठी रॉन गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी घडवलेल्या स्कम या पद्धतीत हेच तत्त्व पाळले. व्यापारी सोयीसाठी केलेल्या या व्यवस्थेने खेळांना दीर्घायुष्य दिले, कारण पुढे नवा दुभाषा लिहिला की खेळाची जुनी फाइल जशीच्या तशी चालू लागे. लुडविग स्ट्रिगेउस या स्वीडिश तरुणाने २००१ मध्ये सुरू केलेला 'स्कमव्हीएम' हा असाच दुभाषा असून तो आज विंडोज, मॅक, लिनक्स आणि मोबाइल या सर्वांवर चालतो.

'स्कमव्हीएम'च्या कर्त्यांमुळेच खेळांच्या मालकांना आपले जुने खेळ मोफत देण्याची एक प्रतिष्ठित वाट मिळाली. ब्रिटनमधील रिव्होल्यूशन सॉफ्टवेअर या कंपनीने 'बिनीथ अ स्टील स्काय' हा १९९४ चा खेळ, ज्याची चित्रे डेव्ह गिबन्स या नामवंत चित्रकथाकाराने घडवली होती, २००३ मध्ये मोफत केला आणि दुभाषा नीट लिहिता यावा म्हणून मूळ सोर्स कोडही या स्वयंसेवकांच्या हवाली केला. त्याच कंपनीचा 'ल्यूर ऑफ द टेम्प्ट्रेस' आणि दुसऱ्या एका कंपनीचा 'फ्लाइट ऑफ द ॲमेझॉन क्वीन' हेही याच सुमारास याच वाटेने आले. या मोफतपणाने कंपनीचे नुकसान झाले नाही. नव्या पिढीला खेळाचे नाव माहीत झाले आणि २०२० मध्ये त्याचा उत्तरभाग व्यापारी तत्त्वावर निघाला.

मोठ्या कंपन्यांचे औदार्य बहुधा वाढदिवसांना बांधलेले असे. बेथेस्डाने 'द एल्डर स्क्रोल्स' मालिकेतला पहिला खेळ 'अरीना' २००४ मध्ये मालिकेच्या दहाव्या वर्षी आणि दुसरा खेळ 'डॅगरफॉल' २००९ मध्ये पंधराव्या वर्षी मोफत दिला. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने 'कमांड अँड कॉन्कर' २००७ मध्ये दिला. पुढच्या खेळाची जाहिरात हा यामागचा उघड हेतू होता आणि त्यात गैर काही नाही. दोष आहे तो वेगळाच: अशा देण्यांबरोबर पुष्कळदा स्पष्ट लेखी परवाना नसतो, त्यामुळे कंपनीचे मन बदलले की खेळ पुन्हा कुलुपात जातो. रॉकस्टारने 'ग्रँड थेफ्ट ऑटो' मालिकेतले पहिले दोन खेळ असेच मोफत दिले होते आणि नंतर ते काढून घेतले. याच्या उलट 'सिमसिटी'चे उदाहरण आहे. विल राइट यांचा १९८९ चा हा नगररचनेचा खेळ जगातील गरीब मुलांसाठी स्वस्त लॅपटॉप घडवणाऱ्या 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या उपक्रमाला हवा होता; या लॅपटॉपांचा भारतातील आरंभीचा प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात, एका छोट्या गावाच्या शाळेत झाला होता. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने जानेवारी २००८ मध्ये या खेळाचा सोर्स कोड जीपीएल परवान्याखाली खुला केला, मात्र 'सिमसिटी' हे व्यापारी नाव राखून ठेवले, म्हणून मुक्त आवृत्तीला खेळाचे मूळ कच्चे नाव 'मायक्रोपोलिस' देण्यात आले. हे देणे आता कुणालाही परत घेता येणार नाही.

ज्यांच्याबाबत कुणीच निर्णय घेतला नाही अशा खेळांची संख्या मात्र फार मोठी आहे. कंपनी बुडाली, हक्क तिसऱ्याच कंपनीकडे गेले, तिला आपल्याकडे काय आहे याचाही पत्ता नाही, अशा खेळांना १९९७ च्या सुमारास 'अबँडनवेअर', म्हणजे वाऱ्यावर सोडलेल्या आज्ञावल्या, हे नाव पडले आणि ते गोळा करून वाटणारी संकेतस्थळे निघाली. कायद्याला हा वर्ग मान्य नाही. अमेरिकेत कंपनीच्या मालकीच्या कृतीचा हक्क प्रकाशनापासून ९५ वर्षे टिकतो, आणि भारतीय कायद्यात साहित्यकृतीचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. रवींद्रनाथांच्या साहित्यावरील हक्क संपत आला असताना १९९२ मध्ये ही मुदत ५० वरून ६० करण्यात आली होती. ज्या वस्तूचे माध्यम वीस वर्षांत कुजते तिला शतकभराचे कुलूप लावण्याचा हा प्रकार आहे, आणि तो अन्याय्य आहे असेच म्हटले पाहिजे. 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन' या संस्थेने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत २०१० पूर्वी अमेरिकेत निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात उपलब्ध नसल्याचे आढळले. ते मुख्यतः संग्राहकांच्या हाती किंवा बेकायदा प्रतींत उरलेले आहेत. जॉर्डन मेक्नरच्या वडिलांना जुन्या सामानात 'प्रिन्स'च्या मूळ फ्लॉपी सापडल्या आणि जाणकारांच्या मदतीने त्यांतला मजकूर वाचून २०१२ मध्ये तो जगासमोर ठेवता आला, हे सुदैव होते. आणि तिथेही मजकूर अभ्यासायला मिळाला म्हणून खेळ वाटण्याची परवानगी मिळाली असे झाले नाही. इंटरनेट आर्काइव्ह या ग्रंथालयाने जानेवारी २०१५ मध्ये सुमारे २,४०० डॉस खेळ ब्राउझरमध्येच खेळता येतील अशी सोय केली, ती अभ्यासकांसाठी अमोल आहे, पण तिला इंटरनेटची जोडणी लागते, म्हणून विमानात ती कामाची नाही.

मालकाची वाट न पाहता तोच खेळ स्वतः नव्याने लिहिण्याची परंपरा या कोंडीतून बाहेर काढते. खेळाची कल्पना आणि नियम यांवर कॉपीराइट नसतो, तो प्रत्यक्ष लिहिलेल्या आज्ञावलीवर आणि चित्रांवर असतो, हे कायद्याचे तत्त्व तिचा आधार आहे. डेन्मार्कच्या ऑर्हुस विद्यापीठातील तीन विद्यार्थ्यांनी सिड मायरच्या 'सिव्हिलायझेशन'वरून १९९५ च्या अखेरीस 'फ्रीसिव्ह' लिहायला घेतला आणि तो आजतागायत वाढतो आहे. 'स्कमव्हीएम'च्या त्याच स्ट्रिगेउसने २००४ मध्ये क्रिस सॉयरच्या 'ट्रान्सपोर्ट टायकून डीलक्स'ची पुनर्रचना 'ओपनटीटीडी' या नावाने प्रसिद्ध केली. रेल्वे, बस आणि जहाजे यांचे जाळे विणायचा हा खेळ काही वर्षे मूळ खेळाची चित्रे मागत असे, पण स्वयंसेवकांनी चित्रे आणि आवाज नव्याने घडवल्यावर २०१० च्या १.० आवृत्तीपासून तो पूर्णपणे स्वयंपूर्ण झाला.

विमानात हे सारे खेळण्याची मुभाही नियमांनीच वाढवली: अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने ऑक्टोबर २०१३ मध्ये आणि भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०१४ मध्ये प्रवाशांच्या उपकरणांवरचे निर्बंध सैल केले, आणि फ्लाइट मोडवरची छोटी उपकरणे जवळजवळ संपूर्ण उड्डाणभर चालू ठेवता येऊ लागली. नेमक्या याच वर्षांत संगणकाबरोबर येणारे खेळ आक्रसले. १९९० पासून विंडोजबरोबर मिळणारा 'सॉलिटेअर' २०१२ च्या विंडोज ८ मधून गायब झाला आणि २०१५ मध्ये परतला तो जाहिरातींसह, त्या नको असतील तर वर्गणी भरा अशा अटीने.

लांबच्या उड्डाणापूर्वी ज्या वाचकाला असे खेळ बरोबर घ्यायचे असतील त्याने ते घरीच, त्या त्या प्रकल्पाच्या अधिकृत ठिकाणाहून उतरवून घ्यावेत, सोबतची परवान्याची फाइल वाचावी, आणि इंटरनेट बंद करून प्रत्येक खेळ एकदा सुरू करून पाहावा. 'नेटहॅक', 'फ्रीसिव्ह', 'ओपनटीटीडी', 'फ्रीडूम' आणि 'स्कमव्हीएम'सह 'बिनीथ अ स्टील स्काय' हे सगळे मिळून एक गिगाबाइटही जागा घेत नाहीत.